टाकसाळीची चूक की कानशीची करामत?

परवा शेजारचे काका रुपयाचे एक जुने नाणे घेऊन आले. साल पुसट, एक कड कुरतडलेली. ‘‘टाकसाळीची चूक आहे म्हणे, लाखाला जाईल!’’ फक्त घेणाऱ्याने आधी ‘नोंदणी’चे दोन हजार मागितले होते.

मी भिंग काढले. झीज आधी उंचवट्यांना लागते, म्हणून सिंह आणि आकडे गुळगुळीत. ते साऱ्यांच्याच खिशात होते. कडेची गोष्ट निराळी. पत्र्यातून चकती कापताना ती आधीच्या भोकावर चढली, तर नाण्याचा चंद्रकोरीएवढा तुकडा जातो. मग छापण्याआधी कड उचलताना नेमक्या समोरच्या कडेला पुरता दाब मिळत नाही. तीही बहुधा पुसट उमटते. इथे समोरची कड ठणठणीत होती आणि तुटलेल्या जागी कानशीचे ओरखडे!

माझे मत विचाराल तर, खरा संग्राहक पैसे देतो, मागत नाही. असे शुल्क मागणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केले होते.

काका गप्प बसले. पैसे आदल्याच दिवशी पाठवून झाले होते.