युरियाचा हिशेब उष्णतेत

अष्टमी-रोह्याच्या भातशेतीसाठी लागणाऱ्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीचा मूळ दर २०१८ पासून २४२ रुपये, कर वगळून, असा बांधलेला आहे. वायू महागला की वाढीव भार अनुदानावर पडतो. त्यामुळे बचतीचा खरा वाव कारखान्यातच उरतो.

याच जिल्ह्यात थळ येथे ‘आरसीएफ’चा प्रकल्प नैसर्गिक वायूपासून युरिया तयार करतो. अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांपासून कार्बामेट होताना उष्णता बाहेर पडते. त्याचा युरिया होताना मात्र ती लागते. हे रूपांतर अपुरे राहते आणि उरलेले कार्बामेट परत फिरविण्यात वाफ खर्ची पडते. तापमान, दाब व मिश्रणाचे प्रमाण यांचे अचूक गणिती प्रारूप ही वाफ वाचवू शकते.

अर्थात, सर्वाधिक ऊर्जा अमोनियानिर्मितीतच जाते. २०१५ च्या धोरणाने ऊर्जावापराचे निकष ठरविल्याने दोन्ही टप्प्यांचा हिशेब एकत्र मांडणे अपरिहार्य ठरते.