वाहाकाच्या गाडीवर आई जेवली

लॉस एंजेलिसला येऊन नऊ दिवस झाले आणि आईने परतीच्या तिकिटाचा विषय काढला. धाकट्या बहिणीकडे आम्ही दोघी सहा आठवड्यांसाठी गेलो होतो. "झोप लागत नाही गं इथे," असे ती म्हणाली; पण खरे दुखणे जेवणाचे होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. आई सांगलीची, जन्माची शाकाहारी, अंडेही न चालणारी आणि दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी खाणारी. बहीण आणि जावई दोघेही नोकरीवाले. त्यामुळे दुपारी पाकिटातल्या गोठवलेल्या पोळ्या गरम करायच्या आणि रात्रीच्या उसळीशी खायच्या. "पोट भरतं, जेवण होत नाही," हे आईचे वाक्य बहिणीला फार लागले. भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली, "ताई, आई काही पुन्हा इतक्या लांब येणार नाही. आणि आली तेव्हा मला तिला धड जेवूही घालता आलं नाही."

अशा वातावरणात रविवारी संध्याकाळी आम्ही त्या मेक्सिकन गाडीवर गेलो, ते खरे तर माझ्या हौसेसाठी. आईसाठी पिशवीत दोन केळी घेतली होती.

गाडी म्हणजे आपल्याकडची वडापावची हातगाडी नव्हे. चांगला मोठा ट्रक, आत शेगड्या, फ्रीज, हात धुवायची मोरी आणि बाजूला खिडकी. तिथली माणसे त्याला 'लोंचेरा' म्हणतात. १९७४ साली राऊल मार्टिनेझ नावाच्या गृहस्थांनी आइस्क्रीमचा जुना ट्रक दुरुस्त करून पूर्व लॉस एंजेलिसमधल्या एका बारसमोर उभा केला आणि त्यातून टाको विकायला सुरुवात केली. पुढे अशा गाड्या इतक्या वाढल्या की एका जागी तासाभराहून अधिक वेळ उभे राहणे काउंटीने २००८ साली गुन्हा ठरवले. न्यायालयाने तो नियम त्याच वर्षी रद्द केला. फेरीवाल्यांची कहाणी सगळीकडे सारखीच!

ही गाडी होती वाहाका प्रांताची. मेक्सिकन जेवण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मैद्याची गुंडाळी आणि वर पिवळे चीझ येते. पण ती अमेरिकेच्या सीमेलगतची खासियत. 'इंडियन फूड' म्हणून परदेशात कोणी फक्त नान आणि बटर चिकन खावे, तसेच ते. सोनोरात गव्हाच्या टॉर्टिया, हालिस्कोत बोकडाचे मटण शिजवून केलेली बिर्या, युकातानमध्ये केळीच्या पानात बांधून भाजलेले डुकराचे मांस आणि दक्षिणेच्या वाहाकात मका, मिरची आणि 'मोले' नावाचे दाट वाटण. युनेस्कोने २०१० साली मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली, ती या सगळ्या गोतावळ्याला.

खिडकीत पन्नाशीची बाई आणि तिची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी होती. मायलेकी आपसात जे बोलत होत्या ते स्पॅनिशही नव्हते. झापोतेक, असे मुलीने सांगितले. बहिणीने विचारले, "काळ्या घेवड्यात मांतेका आहे का?" मांतेका म्हणजे डुकराची चरबी. मुलीने आईला विचारले. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून सहज 'नाही' म्हणता आले असते. पण बाईने हात पुसले, आमच्या आईकडे बघितले आणि मान हलवली. आहे. त्लायुदा नावाच्या मोठ्या कुरकुरीत टॉर्टियावरही आधी चरबीचाच हात फिरवतात. मोलेत कोंबडीचा रस्सा. चीझमध्ये काय असते ते मुलीला नक्की माहीत नव्हते, तेही तिने तसेच सांगितले.

"चला, केळी बरी," आई म्हणाली.

तेवढ्यात बाईने खालून एक टोपली काढून खिडकीत धरली. आईचा चेहराच बदलला. "अगंबाई, ही तर भोपळ्याची फुलं!"

आमच्याकडे परसात भोपळ्याचा वेल असे आणि आई त्याच्या फुलांची भजी करी. मेक्सिकोत हीच फुले टॉर्टियात घालून केसादिया करतात. चीझ वगळले तर तिला केसादिया म्हणावे का, यावर तिकडे हिरिरीने वाद होतात म्हणे. बाईने वाद घातला नाही. मांसाचा तवा सोडून वेगळा तवा घेतला, तेल टाकले, फुले, कांदा आणि हिरवी मिरची परतली.

मक्याच्या पिठाचा गोळा ती दाबायच्या यंत्रात घालणार, तर आईने हात पुढे केला. मुलीने गोळा खिडकीतून दिला. आईने तो दोन्ही तळव्यांत फिरवत थापायला सुरुवात केली. कडा फाटल्या, पण आकार आला. बाई मोठ्याने हसली आणि काहीतरी बोलली. मुलगी म्हणाली, "माझी आजी अशीच करायची."

पहिला घास घेऊन आई म्हणाली, "याला चुन्याचा वास आहे." तिचे नाक बरोबर होते. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सकाळी चोळून सालपट काढतात आणि ओलाच दळतात. त्यामुळे पीठ बांधून येते. शिवाय मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपात मका गेला, पण ही रीत गेली नाही. तिथे केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा आजार झाला.

आईने तीन खाल्ल्या. केळी तशीच परत आली.

मी मोले खाल्ले. मिरच्या पार काळ्या होईपर्यंत भाजून, त्यात तीळ, लवंग, दालचिनी आणि थोडे चॉकलेट वाटलेले. गोड लागेल ही माझी भीती फोल ठरली. आपल्या काळ्या मसाल्याच्या घरात वाढलेल्याला ते परके वाटत नाही. पहिल्या घासाला कडवट आणि मग तिखट.

निघताना मुलीने आईला एक वडी दिली. लाह्यांची, गोडाने बांधलेली. आईने तुकडा मोडला आणि म्हणाली, "ही राजगिऱ्याची चिक्की आहे." तिकडे तिला 'आलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. राजगिरा मूळचा अमेरिका खंडातलाच. तसेच बटाटे, रताळी, शेंगदाणे आणि ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो ते झाडही. हे मी गाडीत बसल्यावर सांगितले, तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पूर्वी एकादशीला खायचे तरी काय?" मला उत्तर देता आले नाही.

तिकिटाची तारीख बदलली नाही. दर रविवारी आम्ही गाडीवर गेलो आणि मधल्या दिवसांसाठी बहीण तिथूनच ओले पीठ आणू लागली.

सांगलीला परतल्यावर आईने घरी प्रयोग केला. पहिल्यांदा पानाच्या डब्यातला चुना अंदाजाने घातला; पीठ पिवळेधमक झाले आणि साबणासारखे लागले. हौस असेल त्यांनी हे प्रमाण घ्यावे: एक किलो वाळलेल्या मक्याला खाण्याचा चुना दहा ग्रॅम, वर चार बोटे पाणी. मंद आचेवर तासभर शिजवून रात्रभर झाकून ठेवावे आणि सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवावे. कणसे भाजून खातो तो गोड मका चालत नाही.

परवा बहिणीचा फोन आला. गाडीवरच्या बाईने लेकीकरवी विचारले होते, तुमच्या आईच्या ज्वारीच्या भाकरीला चुना लागतो का? आईने लगेच निरोप दिला, "चुना नाही लागत म्हणावं. पण पाणी कढत हवं."