माफी निराळी, निर्लेखन निराळे

२०२० च्या कोरोना साथीत अमेरिकेत काम बुडालेल्यांना सरकारने खास बेकारभत्ता दिला. घाईगर्दीत काहींना हक्काहून जास्त रक्कम गेली. पुढे वसुलीच्या नोटिसा आल्या, पण पैसा तर घरखर्चात संपलेला! डिसेंबर २०२० च्या कायद्याने तेथील राज्यांना मुभा दिली : चूक घेणाऱ्याची नसेल आणि वसुली अन्यायाची ठरत असेल, तर रक्कम माफ करता येईल. लबाडीला मात्र माफी नाही.

माफी म्हणजे देणे फिटले. बँकेने कर्ज 'निर्लेखित' केले, तर ते केवळ तिच्या हिशेबातून कमी होते. आपले देणे उभेच राहते, वसुलीही होऊ शकते. तेव्हा नुसत्या तोंडी निरोपावर हुरळून जाऊ नका. बेबाकी दाखला लेखी घ्या आणि जपून ठेवा.