राणीला जरा एकटं सोडा ना!

पहिला दमदार पाऊस पडून गेला की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. मग घरात आरडाओरडा, दिवे घालवा, खिडक्या लावा. सकाळी जिन्यात पंखांचा हा एवढा खच. यातली बहुतेक मंडळी म्हणजे वाळवी. पण जरा नीट बघा. त्या गर्दीत एखादी काळीभोर, जाडजूड मुंगी पंख गाळून भिंतीच्या कडेकडेने तुरुतुरु चाललेली दिसेल. ती मुंगळ्यांची राणी. अख्खी वसाहत उभी करायची ताकद तिच्या पोटात आहे, आणि आत्ता या क्षणी तिला फक्त एक अंधारं भोक हवंय.

अशी राणी पकडून टेस्ट ट्यूबमध्ये ठेवायची आणि घरातच तिची वसाहत वाढवायची, असा एक छंद आहे. जगभर लोक तो करतात, आपल्याकडेही करणारे आहेत. हॉस्टेलच्या खोलीत कुत्रा-मांजर चालत नाही, फिश टँकला जागा नाही, तिथे पेनएवढ्या नळीत एक जिवंत राज्य! भारीच आहे. करावंसं वाटत असेल तर जरूर करा. पण माझं एक स्पष्ट मत आहे. ज्याला वाट बघता येत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. कारण या छंदात राणी मरते ती बहुतेक वेळा दुर्लक्षाने नाही, आपल्या अति लक्षाने.

म्हणजे कसं, ते सांगते. वर्षातून ठराविक दिवसांत वारुळातून पंखवाल्या राण्या आणि नर बाहेर पडतात. मीलन होतं, नर थोड्याच काळात मरतात. राणीला मिळालेलं शुक्राणूंचं भांडवल ती शरीरातल्या एका पिशवीत जपून ठेवते आणि आयुष्यभर पुरवते. त्यानंतर ती स्वतःचे पंख स्वतःच पाडते. ‘मरायच्या वेळी मुंगीला पंख फुटतात’ असं आपण सहज म्हणतो. नरांच्या बाबतीत ते खरंच आहे. राणीच्या बाबतीत मात्र पंख गळल्यावर खरी गोष्ट सुरू होते. मुंगळ्याची राणी स्वतःला कोंडून घेते, अंडी घालते आणि पहिल्या मुली मोठ्या होईपर्यंत काही खात नाही. उडायला वापरलेले स्नायू आता बिनकामाचे, ते विरघळतात. ते आणि साठवलेली चरबी, यावर ती स्वतः जगते आणि अळ्यांनाही तोंडाने भरवते. थोडक्यात, तिचा डबा तिच्यासोबत आहे. तुमच्या मेसच्या पोळीची तिला गरज नाही.

आता तुमचं काम ऐका. लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून एक टेस्ट ट्यूब आणा. तळाशी एक तृतीयांश पाणी भरा. त्यावर कापसाचा घट्ट बोळा असा बसवा, की कापूस ओला राहील पण पाणी पुढे गळणार नाही. राणीला आत सोडा, तोंडाला कापूस लावा, म्हणजे हवा खेळती राहील. नळी आडवी ठेवा, काळ्या कागदात गुंडाळा आणि कपाटाच्या अशा कोपऱ्यात ठेवा जिथे ऊन नाही, पंख्याची थरथर नाही आणि डासांच्या लिक्विडचा वास नाही. जे औषध डासाला मारतं, ते मुंगीलाही सोडत नाही. झालं. संपलं तुमचं काम.

आणि इथेच सगळं बिघडतं. कारण आपल्याला राहवत नाही. अंडी घातली का? किती घातली? रूममेटला दाखवू. फ्लॅश मारून एक फोटो, ‘डे थ्री’ची एक स्टोरी. राणीच्या बाजूने विचार करा. तिच्यासाठी उजेड म्हणजे घर फुटलं. हादरा म्हणजे कोणीतरी बीळ खणतंय. सारखं असं झालं की ती अंडी घालणं थांबवते, नाहीतर घातलेली अंडी स्वतःच खाऊन टाकते. हा काही क्रूरपणा नाही, साधा हिशेब आहे. जिथे पिल्लं वाचणार नाहीत तिथे शिदोरी वाया का घालवायची? तुमच्या स्टोरीला शंभर व्ह्यूज मिळतात, तिची अख्खी पिढी जाते.

त्यामुळे नियम एकच. आठवड्यातून फार तर एकदा, अर्धा मिनिट, मंद उजेडात. मुंग्यांना लाल रंग नीट दिसत नाही, म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावला तर आणखी चांगलं. वहीत तारीख टाका: अंडी दिसली, अळी दिसली, कोष झाला. महिना-दीड महिना, गारठा असेल तर त्याहूनही जास्त. मग एक दिवस नळीत एक इवलीशी, नेहमीच्या मुंगळ्यापेक्षा कितीतरी लहान कामकरी मुंगी फिरताना दिसेल. त्या दिवशी मधाचा किंवा साखरपाण्याचा एक थेंब द्या, सोबत एखाद्या किड्याचा छोटासा तुकडा. स्प्रे मारून मेलेलं झुरळ मात्र चुकूनही नको.

सगळ्याच राण्यांना हे उपाशी गणित लागू नाही, हेही लक्षात ठेवा. पश्चिम घाटात उड्या मारून शिकार करणारी एक मुंगी आहे. तिची राणी सुरुवातीलाही शिकारीला बाहेर पडते. तिला कोंडलंत तर ती मरेल. म्हणून आधी जात ओळखा, मग नळी शोधा. भारतात मुंग्यांच्या ८०० हून अधिक जाती-उपजातींची नोंद आहे. सगळ्यांना एकच औषध कसं चालेल?

काही जणांना मात्र पावसाची वाट बघणंही जमत नाही. त्यांना राणी हवी असते आत्ता, तीही कुठल्यातरी परदेशी, रंगीत, ‘रेअर’ जातीची, कुरिअरने. या हौसेपायी काय होतं त्याचं उदाहरण ताजं आहे. एप्रिल २०२५ मध्ये केनियात बेल्जियमची दोन १९ वर्षांची मुलं पकडली गेली. तुमच्याच वयाची. त्यांच्याकडे सुमारे ५,००० राण्या सापडल्या, दोन हजारांहून जास्त नळ्यांमध्ये, कापूस लावून नीट पॅक केलेल्या. त्यात मोठ्या आफ्रिकी धान्यवेच्या मुंगीच्या राण्या होत्या. अशा एका राणीला ब्रिटनमध्ये १७० पौंडांपर्यंत भाव मिळतो, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. बेकायदा आहे हे माहीत नव्हतं, असं मुलांचं म्हणणं होतं. मे महिन्यात कोर्टाने दोघांना प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड किंवा १२ महिने कैद सुनावली.

पाच हजार राण्या म्हणजे होऊ शकल्या असत्या अशा पाच हजार वसाहती. तिथल्या मुंग्या बिया गोळा करतात, पसरवतात, माती भुसभुशीत करतात. तिथलं गवताळ रान त्यांच्यावर चालतं. दुसरा धोका उलट बाजूचा. परकी मुंगी निसटली की काय होतं, ते ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटाने बघितलंय. तिथे बाहेरून आलेल्या पिवळ्या ‘क्रेझी’ मुंग्यांनी कोट्यवधी लाल खेकडे संपवले. कापसाचा बोळा सैल होता, हे कारण तेव्हा कोणाच्या कामाचं नसतं.

‘मग अंगणातली राणी उचलली तर निसर्गाचं नुकसान होत नाही का?’ हा प्रश्न रास्त आहे. पाऊस पडला की एकेका भागातून असंख्य राण्या उडतात आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या काही दिवसांतच पाल, पक्षी, बेडूक किंवा आपल्या झाडूच्या तावडीत सापडतात. जिन्यात फिरणारी एक राणी उचलली तर त्या हिशेबात फरक पडत नाही. वारूळ खणून राणी काढली तर मात्र अख्खी वसाहत मरते. आणि अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही उचलणं कायद्याने गुन्हा आहे. फरक साधा आहे: जी वाट चुकून तुमच्या दारात आली ती घ्या, जिच्यामागे तुम्हाला खणत जावं लागतं ती सोडा.

शेवटचा मुद्दा, ज्यावर कोणी बोलत नाही. तुमची डिग्री तीन-चार वर्षांची. राणीचं काय? युरोपातल्या साध्या काळ्या बागमुंगीची एक राणी माणसाच्या देखरेखीखाली २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. प्रत्येक जात इतकी जगत नाही, पण मुंगळ्याची राणीही एका सेमिस्टरचं प्रोजेक्ट नाही. हॉस्टेल सोडताना वसाहत कचऱ्यात टाकणार का? म्हणूनही राणी आसपासचीच हवी. उद्या सांभाळणं जमलं नाही, तर ती जिथे सापडली त्याच परिसरात, ओलसर माती आणि सावली बघून वसाहत सोडून देता येते. कुरिअरने आलेल्या परकीला सोडायला जागाच नसते.

‘मग यात मजा काय? नुसती नळी कपाटात ठेवायची?’ हो, तीच. आपण झाड लावून चार दिवसांनी रोप उपटून मूळ बघत नाही. इथेही तेवढंच करायचंय. आपल्या मदतीशिवाय कोणीतरी अंधारात स्वतःचं घर उभं करतंय आणि आपण त्याच्या मध्ये येत नाही, हे कळणं हीच या छंदाची पहिली परीक्षा. ती नापास होणार असाल, तर या पावसाळ्यात निदान जिन्यात झाडू मारताना दोन मिनिटं थांबा. बारीक कंबर, कोपरात वाकलेल्या मिशा आणि गळालेले पंख दिसले, तर तिला कागदावर घेऊन झाडाच्या बुंध्याशी सोडा. पुढचं तिचं ती बघेल.