एकजुटीचा हक्क करारात हवा

ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी तडे गेले. दुसऱ्या दिवशी खालची बँक बंद राहिली. वरच्या कारखान्यांतील शिलाई कामगारांना मात्र पगार कापण्याची धमकी देऊन कामावर बोलावले गेले. इमारत कोसळून अकराशेहून अधिक जीव गेले. तिथे कामगार संघटना नव्हती. एकट्याने नकार दिला तर नोकरी जाते. सगळ्यांनी मिळून दिलेला नकार मालकाला ऐकावाच लागतो.

संघटना आल्या की ऑर्डरी परदेशी जातात, ही भीती अगदीच निराधार नाही. पण दुर्घटनेनंतर कपडे खरेदी करणाऱ्या दोनशेहून अधिक कंपन्यांनी कामगार संघटनांशी कायदेशीर बंधनकारक सुरक्षा करार केला, तरीही बांगलादेशची कपडे निर्यात वाढली. म्हणूनच संघटनेचा हक्क प्रत्येक खरेदी करारात बंधनकारक अट म्हणून यायला हवा.