बुडालेल्या खंडाचे भक्त

मॉरिशसच्या पोटात एक प्राचीन भूखंड दडला आहे, ही वार्ता पसरल्यापासून लेम्युरियाच्या भक्तांना जो कंठ फुटला आहे, तो बसायचे नाव घेत नाही. 'आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते!' असे बजावणाऱ्या या मंडळींशी मला दोन हात करायचे आहेत.

मुळात सापडले काय? मॉरिशस हे ज्वालामुखीचे बेट. तेथला सर्वांत जुना लाव्हा सुमारे ९० लाख वर्षांचा. पण २०१३ साली तेथल्या वाळूतले झिरकॉनचे कण तपासले, तेव्हा काहींचे वय १९७ कोटी वर्षांपर्यंत भरले. झिरकॉन घडताना युरेनियम पोटात घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. पुढे त्या युरेनियमचेच संथपणे शिसे होते. मुख्य प्रकारचे युरेनियम निम्मे व्हायला ४४७ कोटी वर्षे लागतात. म्हणून कणातले शिसे ही त्याच्या वयाची चोख खातेवही.

मूल आईहून थोरले कसे? वाळू वाऱ्याने येते, माणसाच्या जोड्यालाही चिकटून येते, ही शंका रास्तच होती. तिला उत्तर म्हणून लुईस अश्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी खडकच फोडला आणि २०१७ साली त्यातले ३०० कोटी वर्षांपर्यंतचे कण जगापुढे ठेवले. वर येणाऱ्या लाव्ह्याने खालच्या जुन्या भूकवचातून ते ओढून आणले होते. भारत आणि मादागास्कर सुमारे ८ ते ९ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले, तेव्हा मागे राहिलेला हा तुकडा.

आता भक्तांनी हिशेब द्यावा. १८६४ साली स्क्लेटरने लेम्युरिया कल्पिला, कारण जमीन सरकते हे तेव्हा कोणी मानत नव्हते. दोन किनाऱ्यांवरचे सारखे प्राणी जोडायला त्याला मधली भूमी हवी होती. १९१२ साली वेगेनरने खंडच सरकवले आणि त्या पुलाची गरजच उरली नाही. हे कण साक्ष देतात ती वेगेनरच्या बाजूने. शिवाय आपली मानवजात जेमतेम ३ लाख वर्षांची. मग ८ कोटी वर्षांपूर्वीची आठवण ठेवली कोणी?

'वेगेनरलाही हसलेच होते ना?' असे कोणी विचारील. हसले खरे! पण हसणाऱ्यांची तोंडे बंद केली ती १९६० नंतर सागरतळाच्या मोजमापांनी. कोणाच्या श्रद्धेने नव्हे.

माझा राग एवढ्यासाठीच नाही. एकोणिसाव्या शतकात मराठी माणसे मजूर म्हणून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. त्यांचे वंशज आजही तेथे मराठीपण जपून आहेत. त्यांच्या कष्टांचा इतिहास खरा आहे, आणि त्याचे कागदही आहेत. ते कागद उघडायचा आळस आणि समुद्रात बुडालेल्या पूर्वजांचा मात्र अभिमान, ही कसली इतिहासभक्ती?