मोक्याची जागा कोणाच्या पैशाने?

उद्योग आपल्या दारी यावेत म्हणून अमेरिकेतील काउंट्या, म्हणजे तेथील जिल्हे, परस्परांशी चुरस करीत असतात. साउथ कॅरोलायना राज्यातील स्पार्टनबर्ग काउंटीने या चुरशीत बाजी मारली, आणि त्याचे श्रेय तिच्या मोक्याच्या जागेला दिले जाते.

हे कारण खोटे नाही. येथे एकत्र येणाऱ्या लोहमार्गांमुळे स्पार्टनबर्ग शहराला चाकाच्या तुंब्याची उपमा मिळाली. अटलांटा व शार्लट यांना जोडणारा 85 क्रमांकाचा महामार्ग आणि चार्ल्स्टन बंदराच्या दिशेने जाणारा 26 क्रमांकाचा महामार्ग येथेच एकमेकांना छेदतात. 1992 मध्ये बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने येथे कारखाना काढण्याचे जाहीर केले व 1994 मध्ये मोटारी बाहेर पडू लागल्या. 2013 पासून चार्ल्स्टनचे कंटेनर रेल्वेने थेट ग्रीर येथील अंतर्देशीय बंदरात येतात. कापडगिरण्या बंद पडलेल्या या भागात हजारो लोकांना काम मिळाले, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

परंतु ही जागा मोक्याची केली कोणी? आंतरराज्य महामार्गांचा नव्वद टक्के खर्च 1956 च्या कायद्याने संघसरकारने उचलला. अंतर्देशीय बंदर राज्याच्या बंदर प्राधिकरणाने उभारले. कारखान्याची जमीन सार्वजनिक पैशाने घेऊन कंपनीला वर्षाला एक डॉलर अशा नाममात्र भाड्याने देण्यात आली. विमानतळाची धावपट्टीही वाढविण्यात आली. थोडक्यात, ज्याला भूगोलाची देणगी म्हटले जाते, ती बव्हंशी जनतेची गुंतवणूक आहे.

शिवाय, महामार्ग आणि लोहमार्ग इतर अनेक काउंट्यांतही आहेत. मग आणखी काय देऊ केले गेले? साउथ कॅरोलायनाने 1954 मध्येच ‘कामाचा हक्क’ असे गोंडस नाव असलेला कायदा करून युनियनचे आर्थिक बळ खच्ची केले. 1956 मध्ये याच राज्यातील डार्लिंग्टन येथील गिरणीकामगारांनी युनियनच्या बाजूने कौल दिला, तेव्हा मालकांनी गिरणीच बंद केली. न्यायालयीन लढा लांबत गेला आणि भरपाईची तडजोड व्हायला 1980 साल उजाडले. युनियन सभासदांचे प्रमाण सर्वांत कमी असलेल्या राज्यांत साउथ कॅरोलायनाची आजही गणना होते. नकाशावर न दिसणारी ‘सोय’ ती हीच.

भारतातील राज्येही आज याच चुरशीत उतरली आहेत. चेन्नईच्या बंदराजवळ, बेंगळुरूच्या महामार्गावर वसलेल्या श्रीपेरुंबुदूरला जागेचा लाभ आहेच. तरीही तेथील सॅमसंग कारखान्यातील कामगारांना युनियनच्या मान्यतेसाठी 2024 मध्ये महिन्याहून अधिक काळ संप करावा लागला.

रस्ते, बंदरे व लोहमार्ग अवश्य व्हावेत. मागास जिल्ह्यांत तर आधी व्हावेत. मात्र जनतेच्या पैशातून मिळणाऱ्या प्रत्येक सवलतीला कायम नोकरी, योग्य वेतन व संघटनेचा हक्क यांची लेखी अट जोडलेली असली पाहिजे. मोक्याची जागा जनतेने घडविली असेल, तर तिचा मोबदला मागण्याचा अधिकारही जनतेचाच आहे.